महंतांनी धुतलेले पाय

एका टेकडीवर एक मठ होता आणि टेकडीच्या पायथ्याशी एक तळं होतं. तळ्याच्या एका अंगाला वरची आळी, दुसऱ्या अंगाला खालची. वरच्या आळीतले लोक रंगाने उजळ होते आणि त्या रंगावर भारी खूश होते. खालच्या आळीतले लोक काळे. त्यांच्या पणजोबांना फार पूर्वी दूरच्या मुलखातून दोरखंडांनी बांधून आणलं होतं, तेही हेच तळं खोदायला. तळं खोदून झालं, पाणी लागलं, आणि त्याच दिवशी वरच्या आळीने ठरवलं की या काळ्या लोकांच्या हाताने पाणी बाटतं. खोदताना बाटलं नाही, पाणी लागल्यावर मात्र बाटायला लागलं!

तेव्हापासून खालच्या आळीतल्या बायका दोन कोसांवरच्या ओढ्यातून पाणी आणत. दारासमोर काठोकाठ तळं आणि डोक्यावर दोन कोसांची घागर.

मठात एक महंत होते. माणूस काही वाईट नव्हता. दोन्ही आळ्यांनी एक व्हावं, असं त्यांना मनापासून वाटे. म्हणून त्यांनी वर्षातून एकदा पाद्यपूजेचा सोहळा सुरू केला. त्या दिवशी खालच्या आळीतल्या अकरा जणांना मठाच्या अंगणात चौरंगावर बसवत आणि महंत स्वतः गुडघे टेकून त्यांचे पाय धूत. सनई वाजे, फुलं उधळली जात, वरच्या आळीतल्या बायकांचे डोळे भरून येत. "केवढं मोठं मन!" असं म्हणत मंडळी जेवायला बसत. खालच्या आळीची पंगत वेगळी, हे सांगायला नकोच.

अशी वीस वर्षं गेली. एकविसाव्या वर्षी, सोहळ्याच्या आदल्या दिवशी, मठाच्या कारभाऱ्याने खालच्या आळीत दवंडी पिटवली.

"ऐका होऽऽ! उद्या ज्यांचे पाय धुवायचेत, त्यांनी घरून तीन पाण्यांनी पाय घासून यावं! महाराजांच्या हाताला माती लागता कामा नये होऽऽ!"

म्हणजे पाय धुऊन घ्यायला पाय धुऊन यायचं! ते धुवायचे कशाने, हे दवंडीत नव्हतं. तळ्यातलं पाणी यांना वर्ज्य. बायकांनी मुकाट्याने घागरी उचलल्या आणि पुन्हा ओढ्याची वाट धरली.

बोलावलेल्या अकरा जणांत राही नावाची एक म्हातारी होती. तिच्या घरी पाणी आणणारी एकटी सून, आणि सुनेला आठवा महिना. पहिल्या खेपेचं पाणी राहीच्या पायांवर गेलं. प्यायचं पाणी आणायला सून पुन्हा निघाली आणि येताना उतारावर घसरून पडली. घागर फुटली. लोकांनी तिला उचलून घरी आणलं. सकाळपर्यंत ती तापाने फणफणली होती.

"आत्या, पानी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

घरात थेंब नव्हता. शेजारची मडकीही पाय धुण्यातच रिकामी झाली होती. ओढ्यावर गेलेली माणसं दुपारशिवाय परतणार नव्हती. राहीने रिकामी कळशी कमरेवर घेतली आणि ती मठाकडे चालू लागली.

अंगणात सनई सुरू झाली. महंत राहीपुढे गुडघे टेकून बसले. शेजारी चांदीचं मोठं घंगाळ, त्यात तळ्याचं निवळशंख पाणी. महंतांनी तांब्या भरला, तशी राहीने पाय मागे घेतले.

"महाराज, पायावर नका घालू. पाय धुतलेलेच हायेत. ह्ये पानी माझ्या कळशीत घाला. सून तापानं पडलीया, पोटुशी हाय. घरात घोटभर पानी न्हाई."

सनई थांबली. महंतांचा हात तसाच अधांतरी राहिला. त्यांनी कारभाऱ्याकडे पाहिलं.

कारभारी खाली वाकून कुजबुजला, "महाराज, पाय धुवायची प्रथा आहे, पाणी द्यायची नाही. आज एक कळशी दिलीत तर उद्या सगळी आळी तळ्यावर येईल."

महंतांना खरं-खोटं कळत होतं. पण समोर वरची आळी बसली होती, आणि मठाचं धान्य त्याच आळीतून येत होतं. "आजी, सोहळा होऊ द्या, मग बघू," असं म्हणून त्यांनी तांब्या राहीच्या पायांवर ओतला. घरात माणूस तहानेने तळमळतोय, आणि त्याच्या नावाने मागितलेलं पाणी पायांवर ओतायचं! वर त्याला पूजा म्हणायचं!

राही उठली. ओल्या पायांनीच टेकडी उतरून ती तळ्याकडे निघाली. बाकीचे दहा जणही उठले आणि तिच्या मागे गेले. वरची आळी धावत आली.

"थांब म्हातारे!" कारभारी ओरडला. "तळं बाटेल!"

राही पहिल्या पायरीवर वळली. "बाटंल कसं? ह्ये पाय आत्ताच महाराजांनी धुतलेत. समद्या गावानं बघितलंय. इचारा त्यांस्नी, माझे पाय सवच्छ झाले का न्हाई?"

सगळे महंतांकडे पाहू लागले. एक शब्द पुरे होता. 'झाले' एवढं म्हटलं असतं, तरी वीस वर्षांची पूजा खरी ठरली असती.

महंत मान खाली घालून म्हणाले, "तळ्याचं... शुद्धीकरण करून घेऊ."

"बरं झालं महाराज," राही म्हणाली, "आज खरं बोललासा. इतकी वर्सं आमीच फसलो."

तिने पाण्यात उतरून कळशी भरली. तिला कोणी अडवलं नाही. अडवायला तिला हात लावावा लागला असता आणि मग हात बाटला असता! सून ते पाणी पोटभर प्यायली. संध्याकाळी ताप उतरला, आणि पुढच्या महिन्यात ती सुखरूप बाळंत झाली.

वरच्या आळीने तळ्यात गोमूत्र शिंपडून मंत्र म्हटले. दुसऱ्या दिवशी सगळी खालची आळी घागरी घेऊन आली. पुन्हा मंत्र, पुन्हा घागरी. पाचव्या दिवशी मंत्र म्हणणाऱ्यांचा घसा बसला. सहाव्या दिवशी फक्त घागरी आल्या.

पुढच्या वर्षी सोहळ्याच्या दिवशी अकरा चौरंग मांडले, घंगाळ भरलं, पण खालच्या आळीतून कोणी फिरकलं नाही. ऊन चढलं. वाजंत्रीवाला जांभया देऊ लागला. शेवटी महंत वरच्या आळीला म्हणाले, "तुम्ही तरी बसा. माझ्या हातून सेवा घडू द्या."

"त्या चौरंगांवर?" मंडळी दोन पावलं मागे सरकली. "छे, छे! तिथे ते लोक बसत होते, महाराज!"

तेव्हा कुठे महंतांना कळलं, की इतकी वर्षं आपण मळ भलत्याच ठिकाणी धूत होतो.

तात्पर्य, आणि हे मुलांच्या आधी मोठ्यांनी वाचावं: ज्याच्या ओंजळीत पाणी घालायला तुमचा हात आखडतो, त्याचे पाय धुऊन पुण्य मिरवू नका.