भिवराईचा विस्तव

आगपेटी अजून खैरवळ गावात पोचली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. दिवस अगदी साधा होता. अंगणात सकाळची उन्हं आली होती. शेजारीण दारात ज्वारी पाखडत होती आणि भिवरा कुंभारीण मडकं थापटत बसली होती. बाजाराहून परतणारा एक गाडीवान कुंपणाशी थांबला, बैलांना चुचकारून खाली उतरला.

"भिवराबाई, किल्ल्यावरून निरोप आहे," तो म्हणाला. "तुझा सुभाना गेला."

किल्ल्यात तेव्हा तुरुंग होता. सुभाना तिथेच तापाने गेला होता आणि त्याची मातीही तिथल्या लोकांनी उरकली होती. भिवराने हातातलं मडकं पुरं केलं. ते सावलीत नेऊन ठेवलं आणि मगच ती घरात गेली. त्या मडक्यावर कुठेही हात वेडावाकडा पडलेला नव्हता, असं म्हणतात.

सुभाना तिचा एकुलता एक. एका दुष्काळी साली त्याने पाटलाच्या पेवातून ज्वारीचं पोतं काढलं आणि तो पहिल्यांदा किल्ल्यावर गेला. शिक्षा भोगून परत आला, तेव्हा गावाने त्याला मारलं नाही की हाकललंही नाही. फक्त त्याला विस्तव दिला नाही.

त्या काळी रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवत. तो विझला तर सकाळी हातात खापर घेऊन शेजारी जायचं, तिथून विस्तव आणायचा आणि आपली चूल पेटवायची. कुणी कुणाला नाही म्हणत नसे. ज्याला नाही म्हटलं, तो गावात असूनही गावाचा राहत नसे.

गावाने भिवरालाही बजावलं होतं. त्याला विस्तव दिलास तर तुझ्या मडक्यांना हात लावणार नाही. म्हणून ती विस्तव देत नसे. पोटचा पोर उपाशी राहू नये म्हणून पदराखाली भाकरी नेई. गावाबाहेरच्या त्याच्या खोपटात तीन दगडांची चूल मांडलेली होती आणि तिच्यात राखसुद्धा नव्हती. भाकरी मिळते आहे, म्हणजे मुलगा जगतो आहे, असं तिला वाटे.

थोड्याच दिवसांत सुभाना पुन्हा चोरी करून किल्ल्यावर गेला. परत आला, पुन्हा गेला. गावात लोक म्हणत, हा येतो तो जाण्यासाठीच. शेवटच्या खेपेला निघताना तो आईला म्हणाला होता, "आये, तिथं आयती भाकरी मिळते. इथंही आयतीच. मग इथं काय निराळं आहे?"

तेव्हा तिला उत्तर सुचलं नव्हतं. मडकं सावलीत ठेवून ती घरात गेली तेव्हा सुचलं, असं म्हणतात.

त्याच हंगामात रावबा नावाचा माणूस किल्ल्यावरून सुटून आला. त्याने बैल चोरले होते आणि त्याचीही ती पहिली खेप नव्हती. त्याचंही खोपट गावाबाहेर, सुभानाच्या खोपटाला लागूनच होतं. गावाने त्यालाही विस्तव दिला नाही.

भिवराने मडकी भाजायच्या आव्यातला लाल निखारा खापरात घेतला. पदराखाली लपवला नाही. भर दिवसा, गावाच्या मधल्या वाटेने ती निघाली. चावडीपाशी पाटलाने तिला अडवलं.

"भिवरे, पोराने नाक कापलं ते पुरलं नाही वाटतं? उद्यापासून मडकी कुणाला विकशील?"

"नाही खपली तर फोडीन, पाटील. निखारे न्यायला खापरं लागतीलच."

कुणीतरी तिच्या खापरावर घागरभर पाणी ओतलं. पाणी चरचरलं, पांढरी वाफ वर गेली आणि साऱ्या वाटेवर भाजलेल्या मातीचा वास सुटला. वाफ विरली तेव्हा निखारा पहिल्याहून लाल होता, असं म्हणतात. ती चालत राहिली आणि तिने रावबाची चूल पेटवली.

गावाने बोलल्याप्रमाणे केलं. लोक दुसऱ्या गावाहून मडकी आणू लागले. त्या मडक्यांत पाणी गार होत नसे, तरी तेच पीत. भिवराने एक वेळ जेवून दिवस काढले. रावबा आपल्या चुलीवर आपली भाकरी थापायला शिकला. पहिल्या भाकऱ्या करपल्या, त्या त्याने तशाच खाल्ल्या. पण त्याच्या दारात कुणी येत नसे. संध्याकाळी तो उंबऱ्यात बसून किल्ल्याच्या दिशेने बघत राही. ते पाहून भिवराचा जीव थाऱ्यावर नसे. सुभानाही तसाच बसायचा.

मग वैशाखात गारपीट झाली. तशी आधी कधी झाली नव्हती. वाऱ्याने छपरं उडवली, गारांनी आणि पाण्याने घराघरातल्या चुली भरल्या. भिवराचा आवासुद्धा विझला. रावबाने मात्र स्वतःची घोंगडी चुलीवर धरली आणि गारांना आपली पाठ दिली. आभाळ निवळलं तेव्हा साऱ्या खैरवळात धूर निघत होता तो एकट्या त्याच्या खोपटातून.

पाटलाची सून त्याच दिवशी बाळंत झाली होती. बाळ गारठून निळं पडत चाललं होतं. घरात शेक द्यायला निखारा नव्हता. पाटील स्वतः खापर घेऊन निघाला आणि मागून सगळा गाव. रावबाच्या दारात येऊन तो उभा राहिला. त्याने खापर पुढे केलं.

रावबाने खापराकडे पाहिलं. मग गर्दीत उभ्या असलेल्या भिवराकडे पाहिलं.

"काकी, देऊ?"

"चूल तुझी आहे," ती म्हणाली. "मला काय विचारतोस?"

मग रावबा वाकला. चुलीतला सगळ्यात मोठा निखारा त्याने खापरात घातला आणि वर राख पसरली.

"नीट धरा, पाटील. वारं आहे."

बाळ वाचलं. त्या एवढ्याशा चुलीतून साऱ्या गावाने विस्तव नेला आणि तो तसूभरही कमी झाला नाही, असं म्हणतात. रावबा पुन्हा किल्ल्यावर गेला नाही. म्हातारा होऊन आपल्याच चुलीशेजारी मेला.

भिवराने गावाला एवढंच सांगितलं की, विस्तव द्यायचा, आणि मागायलाही जायचं. लोक तिला भिवराई म्हणू लागले. शेवटी शेवटी ती निखारा उघड्या तळव्यावर घेऊन जाई आणि तळवा भाजत नसे. ती गेली तेव्हा तिचे हात मऊ होते, ओल्या मातीसारखे, असं म्हणतात.

आता खैरवळात घरोघर गॅस आहे. तरी तुरुंगातून कुणी सुटून आलं की शेजारी खापरात निखारा घेऊन त्याच्या दारी जातो. पुढे काही दिवसांनी दुसरा कुणी रिकामं खापर घेऊन त्याच्याकडे येतो आणि विस्तव मागतो, स्वतःच्या घरी शेगडी पेटलेली असली तरी. यातलेही काही पुन्हा तुरुंगात गेले आहेत. गाव ते लपवत नाही. ते परत आले की शेजारी पुन्हा खापर घेऊन त्यांच्या दारी जातात.

गावाबाहेर सुभानाच्या खोपटाची जागा अजून आहे. वैशाखात ती सारवतात आणि चुलीचे तीन दगड धुऊन जागेवर ठेवतात. भिवराईने आपल्या हयातीत ती चूल पेटवली नाही. तिच्यानंतरही ती कुणी पेटवलेली नाही.