सात काजव्यांचा खोपा

पाखरांना माणसांचे दिवे ठाऊक नव्हते, त्या काळची गोष्ट. झिप्री नावाची सुगरण पहिल्यांदाच स्वतःच्या खोप्यात निजली, आणि तिला खटकलं ते एवढंच, की पाठीला आईचं ऊबदार पोट लागत नव्हतं. आईचा खोपा विहिरीपलीकडच्या बाभळीवर होता. एक हाक मारावी असं सारखं वाटे; पण बाहेरच्या अंधाराला भिऊन आवाजच फुटेना.

मग तिने ओल्या मातीच्या गोळीत एक काजवा रोवला. उजेड झाला, तशी खोप्याच्या भिंतीवर तिच्याच चोचीची भलीमोठी सावली उभी राहिली. ती दचकली. सावली घालवायला तिने आणखी दोन आणले, मग चार. त्या लखलखाटात झोप पार उडाली, आणि दाराबाहेरचा अंधार तर आणखीच काळा झाला.

"एवढी कशाला भितेस गं?" त्यांतला एक म्हातारा काजवा मातीतून म्हणाला.

"काका, आई दिसत नाही."

"कशी दिसेल? आम्हाला डोळ्यांसमोर बसवलंस. सोड आम्हाला. मी एकटा मागे, काडीआड बसतो, तेवढं पुरे. या पोरांचीही घरी कुणी वाट पाहतंय."

झिप्रीने माती फोडली. सहा काजवे उडून गेले. मंद उजेड पाठीशी ठेवून तिने दारातून मान बाहेर काढली. हळूहळू अंधारातून विहीर उमटली, मग बाभूळ, मग वाऱ्यावर झुलणारा तो खोपा.

"आई," तिने हाक मारली.

थोडा वेळ नुसत्या शेंगा खुळखुळल्या. मग पलीकडून झोपाळू आवाज आला, "ओ... काय गं बाई? इथंच आहे मी."