बटण

"मास्तर, चांगलं काम करणाऱ्यानंच का बुडावं?"

सिद्रामप्पा मास्तरांनी मान वर केली नाही. मठाच्या ओसरीवर बसून ते परातीतले तांदूळ निवडत होते.

"बस," ते म्हणाले.

नागनाथ येमूल बसला नाही. त्याने बगलेतला शर्ट मास्तरांसमोर पसरला.

सोलापुरात त्याची शर्टांची शेड होती. सव्वीस वर्षं चालवलेली. शिवणकाम तो मास्तरांच्याच दुकानात शिकला होता, मिसरूड फुटायच्या आधीपासून. मास्तरांचं दुकान कधीच बंद झालं होतं. बायको गेल्यावर ते या मठातल्या खोलीत येऊन राहिले. फार बोलत नसत. अडलेली माणसं त्यांच्याकडे येऊन बसायची आणि बरीचशी न विचारताच उठून जायची.

नागनाथ तसा नव्हता.

"कॉलर बघा. टाका बघा. यात काही खोट काढून दाखवा."

मास्तरांनी कॉलरवरून अंगठा फिरवला.

"खोट नाही."

"मग?"

...

"मग दुकानदार घेत का नाहीत?" नागनाथनेच पुढं विचारलं. "बाहेरून ट्रक भरून शर्ट येतात. मला कापड ज्या भावात पडतं, त्या भावात शिवलेला शर्ट. दोन धुण्यांत त्याची शिवण उसवते. तरी लोक तोच घेतात."

मास्तर खडे वेचत राहिले.

"मिलवाला म्हणतो, तीन हजार मीटरच्या खाली रंगवून देणार नाही. मला सहाशे लागतं. मग उरलंसुरलं आणायचं. बाही एका छटेची, पाठ दुसऱ्या छटेची. काजं करणारी चांगली बाई तयार करावी, तर मोठा कारखाना तिला उचलतो. तिथं बस न्यायला येते. मी काय देणार?"

"किती जणी आहेत आता?"

"पंधरा होत्या. नऊ राहिल्यात." तो बोटांवर मोजू लागला. "कलावती आहे, तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय. शकिला आहे. पद्मा, तिची बहीण... सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. यांना दुसरीकडं कोण घेणार?"

नऊही जणींची नावं त्याला घरच्यासारखी पाठ होती. माणूस वाईट नव्हता. कुणाची पोर आजारी पडली तर स्वतः दवाखान्यात जाऊन बसायचा.

त्याची शेड पुढं तीन आठवड्यांनी बंद झाली. मशिनं एका टेम्पोत गेली. कलावती एका मंगल कार्यालयात भांडी घासायला लागली. पण त्या दुपारी शेड अजून चालू होती, आणि मास्तर काहीतरी वाट दाखवतील असं नागनाथला खरंच वाटत होतं.

"एक सांगा मास्तर," तो आता खाली बसला. "हा माल जो आणतो ना, तो पण धंदेवालाच. त्यालाही बायकापोरं असतील. त्याला कळत नसेल का, इथं कुणाच्या पोटावर पाय येतोय ते?"

मास्तरांचे हात थांबले.

...

"इरण्णा तुझ्याकडं काय करायचा?"

नागनाथला प्रश्न विचित्र वाटला. इरण्णा मास्तरांच्या दुकानातला जुना कारागीर. दुकान बंद झाल्यावर नागनाथने त्याला आपल्या शेडमध्ये घेतलं होतं. याचा त्याला थोडा अभिमानही होता.

"कफ शिवायचा. शेवटपर्यंत सांभाळला मी त्याला. वीस वर्षं."

"वीस वर्षं कफ."

"हात साफ होता त्याचा."

"माझ्याकडं कोट शिवायचा," मास्तर म्हणाले. "अख्खा."

...

रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली आणि लांब गेली.

"तुमचं दुकान डोळ्यांमुळं बंद झालं ना, मास्तर? तुम्हीच म्हणाला होता. दिसत नाही नीट म्हणून."

मास्तर उठले. खोलीत जाऊन पत्र्याची लहान डबी घेऊन आले. डबीतून बारीक सुई काढली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई उजेडाकडं धरली.

दोरा पहिल्याच खेपेला ओवला गेला.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. चष्मा नाही.

नागनाथ त्या सुईकडं बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"नक्की कधी बंद केलंत?"

"तू शेड घातलीस, त्याच्या दुसऱ्या दिवाळीला."

"त्या दिवाळीला..."

"पाचच जण आले कपडे शिवायला टाकायला. त्यातले दोघं विकतच्या नवीन शर्टाची बाही आखूड करायला आले होते."

शर्ट कुणाच्या शेडमधला होता, हे मास्तरांनी सांगितलं नाही. नागनाथने विचारलंही नाही. त्या वर्षी तो दिवसाला दोनशे शर्ट काढत होता. गावातल्या प्रत्येक दुकानात त्याचा माल लटकलेला होता. सायकलवरून जाताना तो ते बघायचा आणि त्याचं मन भरून यायचं.

"मला बोलला का नाहीत?"

"पाया पडायला आला होतास. पेढे घेऊन."

...

"तुम्ही एक शब्द तरी बोलायचा होता, मास्तर."

मास्तरांनी दोरा ओवलेली सुई त्याच्या हातात दिली. आपल्या गळ्याजवळ बोट लावलं. अंगातल्या शर्टाचं वरचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

"तेवढं लाव."

नागनाथने सुई घेतली. किती वर्षांनी त्याच्या हातात सुई आली होती, त्याला आठवेना. तो पुढं सरकला, वाकला आणि बटणासाठी कॉलर जराशी उलटी केली.

आत लेबल होतं. धुऊन धुऊन अक्षरं पुसट झालेली, तरी वाचता येत होती.

येमूल शर्ट्स.

त्याचा हात तिथंच थांबला. एवढं सगळं होऊनही मास्तरांनी त्याच्या हातचं अंगावर घातलं होतं. काहीतरी सुटल्यासारखं, माफ झाल्यासारखं त्याला वाटलं. मास्तरांच्या डोळ्यांकडं बघायचा धीर मात्र झाला नाही.

"मास्तर... तुम्ही माझा शर्ट घालता?"

"हं."

"मी तर कधी दिला नव्हता."

"बाजारातून घेतला."

"तुम्ही? स्वतः शिवता येत असताना? माझाच का घेतलात, मास्तर?"

मास्तरांनी मान थोडी वर केली, त्याला बटण लावता यावं म्हणून.

"स्वस्त होता," ते म्हणाले.