लोणचेवाल्याने घेतलेलं महाराजांचं नाव

केवडेनगरच्या महाराजांचं नाव गेलं! म्हणजे इंटरनेटवरचं, राज्याच्या वेबसाइटचं. दिवाणजी वर्षाचं भाडं भरायला विसरले, मुदत संपली आणि शेजारच्या राज्यातल्या एका लोणचेवाल्याने ते नाव रीतसर घेऊन टाकलं. त्या नावावर शेतसारा भरायला गेलेल्या प्रजेच्या घरी लिंबाचं लोणचं येऊ लागलं. प्रजेची काही तक्रार नव्हती. तिजोरीची होती.

महाराज भुजंगराव हट्टाला पेटले. "कुणाच्या बापालाही काढून घेता येणार नाही असं नाव मला हवंय!"

तसं नाव घेऊन एक व्यापारी हजर झाला. "सरकार, हे ब्लॉकचेनवरचं नाव, साखळीतलं. एकदा घेतलं की घेतलं! वर्षाचं भाडं नाही, मधे कचेरी नाही. नोंद हजारो संगणकांवर, आणि ती बदलायची गुप्त किल्ली फक्त आपल्यापाशी. ब्रह्मदेव आला तरी हिसकावू शकत नाही!"

महाराज खूश झाले. नाव घेतलं. सगळ्या दरबाराने आपापल्या फोनवर ते टाकून पाहिलं. कुणाच्याच फोनवर काही उघडलं नाही.

"ब्राउझर वेगळा लागतो, सरकार," व्यापारी म्हणाला.

"आमच्या प्रजेकडे आहे तो?"

"नाही."

"मग सांगा त्या साखळीला आमचा हुकूम! म्हणावं, उघड!"

"सरकार, साखळीला कान नसतात."

पडद्याआड राणीसाहेबांना बांगड्या भरायला आलेली मैना कासारीण खुदकन हसली. हसायला नको होतं हे तिला लगेच कळलं, पण तोवर हसून झालं होतं.

"हसतेस?" महाराज गरजले. "मग तूच आण! कुणी काढून घेऊ शकणार नाही आणि प्रत्येकाच्या फोनवर उघडेल, असं नाव उद्याच्या दरबारात हजर कर. नाहीतर राजवाड्याच्या फाटकापाशी असलेलं तुझं दुकान उठलं म्हणून समज!"

मैनेच्या हातातली बांगडी वाढवली. ते दुकान तिच्या आईने उभं केलेलं. पण घाबरत बसून दुकान वाचत नसतं. घरी जाऊन तिने आपल्या बांगड्यांची वेबसाइट ज्यावरून चालवायची तो संगणक उघडला.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. "महाराज, एक नाही, दोन नावं आणलीत."

"मी एकच मागितलं होतं!"

"घर, म्हणजे वेबसाइट, एकच आहे, महाराज. दारं दोन. एक भाड्याचं नवं नाव घेतलंय, ते सगळ्यांच्या फोनवर उघडतं. भाडं आपोआप भरलं जाईल, दिवाणजींनी आठवण ठेवायला नको. साखळीतलं नाव आपल्या किल्लीने त्याच घराकडे वळवा. उद्या भाड्याचं गेलंच, तर घर कुणाचं हे साखळी सांगेल."

"ते असू दे! दोघांत थोर कोण? एकच उत्तर!"

दिवाणजी म्हणाले, "भाड्याचं!" व्यापारी म्हणाला, "साखळीचं!"

मैना म्हणाली, "भाड्याचं नाव म्हणजे घरगडी. कुणीही हाक मारली की उठतो, पण पगार थकला की दुसऱ्याच्या दारी जातो. साखळीचं नाव म्हणजे घरजावई. एकदा आला की काढता येत नाही, पण हाक मारली तर उठत नाही!"

दरबार गारठला. कारण महाराज भुजंगराव स्वतःच थोरल्या महाराजांचे घरजावई होते!

"म्हणजे," महाराज सावकाश म्हणाले, "घरजावई बिनकामाचा?"

"छे, महाराज! गडी येतात नि जातात. राज्य मात्र घरजावयाच्याच नावावर राहतं!"

पडद्याआड राणीसाहेबांना आधी हसू फुटलं. मग महाराजांना. इतकं, की मुकुट सावरायला दोन हुजरे धावले.

"दिवाणजी, लिहा!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "फाटकापाशी असलेली ती जागा आजपासून मैना कासारणीची. आम्हीही काढून घेऊ म्हटलं, तरी देऊ नका!"