सुकी फांदी

एकदा एक गाव होते आणि त्या गावाला आपल्या पुण्याईचा फार अभिमान होता. डोंगराच्या उतारावर देवीची राई होती. शेकडो वर्षांची झाडे, दिवसाही अंधार. राईतले पानसुद्धा उचलायचे नाही, असा नियम होता. देवीच्या नियमापुढे गावचा प्रमुख गावकर आणि राबणारा गडी सारखेच, असे गावातली मंडळी पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने सांगत.

राईच्या कडेला, दगडी गडग्याच्या म्हणजे कुंपणाच्या आत, एका वृद्ध साधूची कुटी होती. लोक त्यांना बाबा म्हणत. त्यांच्याजवळ एक शिष्य राहत असे. तो अभ्यासू होता, सेवेत तत्पर होता, आणि गावातही त्याला मान होता.

त्या वर्षी आषाढात पावसाने उसंत घेतली नाही. गावात कोणाकडे कोरडे सरपण उरले नाही. झिलू नावाच्या गड्याची म्हातारी आई तापाने पडून होती. तिला पेज हवी होती आणि चूल पेटत नव्हती. झिलूने राईच्या दाट झाडीखाली पडलेली एक सुकी फांदी उचलली आणि घरी नेली. हे कोणीतरी पाहिले.

देवळात बैठक बसली. झिलूने फांदी नेल्याचे कबूल केले, आणि पेजेचेही सांगितले. गावाने त्याला वाळीत टाकले. त्याच्याशी कोणी बोलायचे नाही, विहिरीवर त्याला पाणी भरू द्यायचे नाही, त्याच्या घरी मरण आले तरी जायचे नाही. देवीचा कौल मिळाला तरच त्याला परत घ्यायचे, असे ठरले. कौल मागायचा म्हणजे देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची पाकळी आधी गळली की देवी हो म्हणाली. झिलूसाठी पाकळ्या लावायला मात्र कोणी पुढे आले नाही.

बाबा स्वतः गावकराकडे गेले आणि झिलूसाठी रदबदली केली. गावकराने त्यांना पाट दिला, दूध दिले, आणि नम्रपणे नकार दिला. नियम सगळ्यांना सारखा, तुमच्यासारख्यांनीच तो सांभाळायला हवा, असे तो म्हणाला. बाबा उठून कुटीकडे परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी कोयता घेतला, राईत शिरले आणि एका जिवंत झाडाची हिरवी फांदी तोडली. शिष्य आडवा आला, त्याने पाय धरले, पण बाबा थांबले नाहीत. ती फांदी त्यांनी गावाच्या मधल्या वाटेने, गावकराच्या अंगणासमोरून, ओढत आणली. मग कुटीत ती जाळून पाणी तापवले आणि सावकाश अंघोळ केली. लाकूड ओले; धूर असा झाला की सगळ्या गावाला दिसला.

दुपारी गाव आले. शिष्य दारात आडवा उभा राहिला. पण लोकांच्या हातात नारळ होते.

"देवीन सांगल्याबिगर बाबा राईक हात लावचे नाय," गावकर म्हणाला आणि त्याने बाबांच्या पायांवर डोके ठेवले.

बाबा म्हणाले, "देवीनं काही सांगितलं नाही. मला थंडी वाजत होती, म्हणून मी चोरी केली. झिलूची फांदी सुकी तरी होती. मला वाळीत टाका."

लोक एकमेकांकडे पाहून हसले. काय ही नम्रता, असे कोणीतरी म्हणाले. कोणाला तरी चुलीतली राख दिसली, आणि मग सगळ्यांनीच अंगारा मागितला. शिष्याच्या जिवातला धाक गेला. तो पानांच्या पुड्या बांधून वाटत बसला. दिवेलागणीला तो हात धुऊन आला, तेव्हा चेहऱ्यावर समाधान होते.

बाबांनी त्याला जवळ बसवले आणि झिलूने काय केले ते विचारले. चोरी, असे शिष्य म्हणाला. मी काय केले, असे बाबांनी विचारले. तो अडखळला, मग म्हणाला, आपण फांदी आणलीत.

"बघ," बाबा म्हणाले. "पाप फांदीत असतं, तर माझ्या हाताला आधी लागलं असतं. गावकराच्या माडीचा मोठा खांब याच राईतला आहे. त्याच्यासाठी कौल लावला, उजवा मिळाला. झिलूसाठी पाकळ्याच लावल्या नाहीत, मग देवी बोलणार कशी? त्याचा बाप परगावाहून आलेला, त्याला भावकी नाही, त्याच्या बाजूनं बैठकीत खोकणारंही कोणी नाही. गावाला अधूनमधून एक चोर लागतो. तो बाहेर उभा असला, की आतल्या सगळ्यांना आपण सज्जन असल्याचा भरवसा वाटतो. कृत्य कोणतं, हे नंतर ठरतं. माणूस आधी ठरलेला असतो."

शिष्याने मान डोलावली. त्याला हे सारे पटले. निदान त्या रात्री त्याला तसे वाटले.

चार-पाच दिवसांनी झिलूची आई गेली. त्या गावात मरण आले की प्रत्येक घरातून एक लाकूड जाते. झिलूकडे एकही आले नाही. बाबांनी आपल्या कुटीच्या छपराचे कोरडे वासे उतरवले. झिलू, त्याची बायको, बाबा आणि शिष्य, असे चौघे खांदेकरी झाले. दारे बंद होती, पण फटींतून डोळे पाहत होते.

मग गावाने त्याचाही अर्थ लावला. चोराच्या आईसाठीसुद्धा बाबांनी छप्पर मोडले, केवढे हे मन! बाबांची थोरवी वाढली तसा झिलू आणखी नीच ठरला. गावकराने कौल लावला, तो उजवा मिळाला, आणि देवराईतलेच नवे वासे कुटीच्या दारात येऊन पडले. बाबा ते पाहून रडले. अनेक वर्षांत शिष्याने त्यांना रडताना पाहिले नव्हते.

त्याच दिवशी झिलू बायकोला घेऊन गाव सोडून निघाला. निरोप घ्यायला तो गडग्यापाशी आला. बाबांनी बोलावले तरी आत आला नाही.

"बाबानू, तुमचो राग नाय," तो म्हणाला. "पन आता माझ्यासाठी काय करू नकात. तुमी काय केलास तरी तुमचा पुण्य वाढता, आनि लोकांका माझा पाप आठावता."

तो दोन पावले गेला आणि परत वळला. मग शिष्याकडे न पाहता म्हणाला, "आयेन अंगारो मागल्यान हुतो. तिचो इश्वास हुतो. त्या दिवशी मी हयच, गडग्याभायर उभो रवलंय. ह्येनी सांगितल्यानी, संपलो."

एवढे बोलून तो निघून गेला. रस्त्यावर कोणीही त्याला अडवले नाही.

शिष्याने चुलीकडे पाहिले. राख आजही होती. त्या दिवशी तर चूल भरून होती. झिलूने गडग्याबाहेरून अंगारा मागितला, तेव्हा बोलायचे नाही हा गावाचा हुकूमही शिष्याच्या मनात आला नव्हता. संपला, हा शब्द आपसूक तोंडातून गेला होता, आणि मागच्या बाईला त्याने लगेच दोन पुड्या दिल्या होत्या.

"मला तसं कोणी सांगितलं नव्हतं, बाबा," तो म्हणाला.

"सांगावं लागत नाही," बाबा म्हणाले. "म्हणून तर गाव चालतं."

शिष्य चुलीपाशी जाऊन बसला. पुडी बांधावी असे त्याच्या मनात आले, पण ती जिला द्यायची ती म्हातारी आता नव्हती.

आपल्या वस्तीत सध्या गडग्याबाहेर कोणाला उभे केले आहे, हे वाचकांना ठाऊकच असेल. त्याला 'संपला' असे आपण कधी म्हणालो, तेवढे फक्त आठवून पाहावे.