‘ये’ म्हणणारी कुंभारीण

हां, पाय आत घ्या आधी. नंदे, त्याची गोधडी ओढू नकोस. हुंकार कोण देणार? तू? बरं. मध्येच झोपलास तर गोष्ट तिथंच राहील, मग सकाळी माझ्या मागं लागायचं नाही.

तर एकदा काय झालं, नदीकाठच्या एका गावात एक कुंभारीण राहत होती. भिवरा तिचं नाव. आज राजा-राणी नाहीत हं, ती काल होऊन गेली. भिवरेला एक मुलगी होती, साळू. आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, तरी तोंडाची टकळी चालूच. आणि एक गाढव होतं.

ही भिवरा बोलायला फार जपून. वाईट शब्द म्हणून तोंडातून काढायची नाही. पीठ संपलं तर म्हणायची, पीठ वाढलं. साळू मडक्यात डोकावून म्हणायची, “कुठं वाढलं गं? बूड दिसतंय की!” आणि कुणी घरातून निघालं, तर काय म्हणायचं असतं? ‘जातो’ नाही म्हणायचं. ‘येतो’ म्हणायचं. मी तुम्हांला रोज सांगते, तुम्ही रोज विसरता. भिवरा कधी विसरायची नाही.

का विसरायची नाही, ते ऐका. दोन पावसाळ्यांमागं नदीला मोठा पूर आला. त्यांचं गाढव पलीकडच्या खाचरात बांधलेलं. तिचा नवरा हैबती ते सोडवायला धावला. घाईघाईत म्हणाला, “जातो गं.” आणि ही पण घाईत म्हणाली, “जा, जा लवकर!” मग काय झालं, गाढव आलं. हैबती आला नाही.

त्या दिवसापासून भिवरेनं ‘जा’ हा शब्द जिभेवर येऊ दिला नाही. आपल्याच शब्दानं नवरा गेला, असं तिच्या मनानं घेतलं. कोंबडीला हाकलायचं असलं तरी म्हणायची, “या हं बाहेर.” कोंबडी कशाला जातेय!

मग हैबतीचा तेरावा झाला आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. उंच, काटकुळी, काखेत एक गाठोडं. म्हणाली, “माझं नाव दैना. येऊ का?” भिवरा म्हणाली, “या ना.” दैना आत आली ती थेट कुंभाराच्या चाकावरच जाऊन बसली. हैबती गेल्यापासून थांबलेलं चाक आता अडलंच.

आता ही दैना काही मारकुटी नव्हती, बरं का. भांडत नव्हती, ओरडत नव्हती. नुसती बसायची, खायची आणि उसासे टाकायची. पण तिनं उसासा टाकला की चूल विझायची. तिनं नुसतं बघितलं की दूध नासायचं. चाक अडलेलं, म्हणून भिवरा हातानंच मडकी थापायची. दहा भाजली तर नऊ तडकायची आणि दहावं गळायचं. अशी दोन वर्षं गेली.

माघात भिवरेचा भाऊ आला, म्हादूमामा. त्यानं थांबलेलं चाक बघितलं, भाचीच्या मनगटाला हात लावून बघितला. म्हणाला, “भिवरे, पोर पार वाळली गं. पाडव्याला मी गाडी घेऊन येतो. घरात चाक फिरताना दिसलं तर ठीक. नाहीतर साळूला मी नेणार. माझ्याकडं पोटभर खाईल तरी.” बोलत होता ते खरंच होतं, म्हणून तर भिवरेच्या काळजात जास्त लागलं. साळू गाढवामागं जाऊन लपली.

भिवरेनं ठरवलं, पाडव्याच्या आत या पाहुणीला घालवायचं.

मग पहिल्यांदा तिनं काय केलं, घरात होते नव्हते तेवढे तांदूळ शिजवले. दैनेला पोटभर जेवू घातलं, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. पाहुण्याचं नीट केलं की पाहुणा आपण होऊन निघतो ना? दैना निघाली. उंबऱ्यावरून म्हणाली, “येते हं.” भिवरा सवयीनं म्हणाली, “या हं.” तिसऱ्या दिवशी दैना परत. गाठोडं दुप्पट झालेलं.

मग दुसऱ्यांदा दैना नदीवर लुगडं धुवायला निघाली. “येते हं.” “या हं.” ती गेल्याबरोबर भिवरेनं दार लावलं, कडी घातली, वर दाराला जातं टेकवलं. वळून बघते तर दैना चाकावर बसून केस वाळवतेय! दार लावलेलं तसंच, जातं टेकवलेलं तसंच.

मग तिसऱ्यांदा भिवरा म्हणाली, ही निघत नाही तर आपणच निघू. साळूला घेतलं, गाढव घेतलं, पहाटे गुपचूप बाहेर पडली. दैना अर्धवट झोपेत म्हणाली, “निघालात? मी येते मागनं.” आणि ही आमची शहाणी काय म्हणाली असेल? “ये हो!” तीन कोस चालून दुसऱ्या गावच्या शिवेवर पोचली, तर दैना चिंचेखाली आधीच बसलेली. म्हणाली, “फार वेळ लावलात बाई.”

तेव्हा मात्र भिवरा मटकन खाली बसली आणि रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा रडली. “का गं माझ्याच मागं लागलीस? मी काय वाईट केलं तुझं?”

दैनेला नवलच वाटलं. “मी कुठं मागं लागले? बोलावल्याशिवाय मी कुणाकडं येत नाही. मला सगळे दारातूनच ‘जा’ म्हणतात. दर वेळी ‘ये’ म्हणणारी तूच एक भेटलीस.”

साळू उड्या मारायला लागली. “आई, मग म्हण की जा! म्हण ना!” भिवरेनं तिच्या तोंडावर हात ठेवला. “नको गं बाई. तो शब्द नको. तो म्हटला आणि तुझा बा...” तिघी परत घरी आल्या. गाढव पण आलं, हो, गाढवाला कसं विसरेन?

मग फाल्गुन आला. पळसाला एक पान राहिलं नाही आणि फुलं मात्र लालभडक. आंबे मोहरले. होळीची पौर्णिमा आली. दिवस मावळला आणि चौकात होळी पेटली. आता होळीच्या दिवशी काय असतं? बोंब मारायची असते. त्या दिवशी जिभेला मोकळीक. एरवी मान खाली घालून चालणारा देवळातला गुरव, तोसुद्धा तोंडावर हात आपटून बोंबलत होता. शेजारच्या काकूनं भिवरेला दोन पुरणपोळ्या आणून दिल्या. वास आल्याबरोबर दैना चाकावरून उठली. काखेत गाठोडं घेतलं. “चौकात जरा बघून येते हं,” म्हणाली आणि उंबऱ्यावर थांबली. ‘ये’ ऐकायला थांबली.

भिवरेच्या ओठावर ‘ये’ आलंच होतं. तेवढ्यात साळूनं तिचा हात धरला.

“आई, बा शब्दानं नाही गेला गं. पाण्यानं गेला. तू ‘ये’ म्हण, ‘जाऊ नको’ म्हण, काहीही म्हटलं असतंस तरी तो गेलाच असता. त्याचं गाढव होतं ना ते.”

दोन वर्षं भिवरेला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तरी कुणाला विचारलं होतं? बाहेर मोठी बोंब उठली. भिवरेनं हात तोंडाशी नेला, बोंब मारल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाली, “जा.”

“काय म्हणालीस?” दैना म्हणाली.

“जा.” आता जरा मोठ्यानं.

“अगं, पण मी...”

“जा बाई. जा!”

दैनेनं गाठोडं सावरलं. बिचारं तोंड करून उभी राहिली. भिवरेला वाईट वाटलं, ती तशीच होती. तिनं एक पोळी दैनेच्या हातावर ठेवली. पण हळदीकुंकू लावलं नाही, ओटी भरली नाही आणि ‘ये’ म्हणाली नाही. दैना गावाबाहेरच्या वाटेनं चालत गेली ती गेली.

काय विचारलंस? आपल्याकडं नाही ना आली? नाही रे. आपण कुठं बोलावलं? झोप.

इकडं घरात काय झालं, चाकानं आपलं आपण एक गिरकी घेतली. साळूनं टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी धुळवड. सगळं गाव रंगत होतं आणि या दोघी माती तुडवत होत्या. बाईमाणूस चाकावर बसलं म्हणून लोक दोन दिवस बोलले. तिसऱ्या दिवशी ऊन तापलं आणि तेच लोक माठ मागायला आले. सगळी मडकी काही चांगली निघाली नाहीत, चार तडकली. पण बाकीची टणटणीत वाजली.

मग पाडवा आला. भिवरेकडं तांब्याचा गडू नव्हता, म्हणून तिनं गुढीवर आपल्या हातचा मातीचा गडू पालथा घातला. म्हादूमामा गाडी घेऊन आला तो दारातच थांबला. आत चाक गरगर फिरत होतं. मामानं बैल सोडले. कडुलिंबाचा पाला खाल्ला, तोंड वाकडं केलं, मग पोटभर जेवला. निघताना गाडीत साळूच्या जागी एक मोठा माठ बसला. मामा म्हणाला, “येतो गं.” भिवरा म्हणाली, “ये रे दादा. लवकर ये.”

मग ती एकटीच नदीवर गेली. पाणी आता घोट्याएवढं होतं, आवाजसुद्धा नव्हता. ती काठावर उभी राहिली आणि म्हणाली, “हैबती, जा हं आता. सुखानं जा. आमचं बरं चाललंय.” डोळे पुसले, घडा भरला आणि घरी आली. साळूनं भाकरी थापून ठेवली होती, वाकडीतिकडी. दोघी पोटभर जेवल्या आणि पुढं सुखात राहिल्या. गाढव पण राहिलं.

हुंकार कुठं गेला रे? झोपला वाटतं. नंदे, तू पण मिट डोळे. झोप दारात उभी आहे बघ, तिला म्हण, ये.