पेंढ्यात ठेवलेली कासारीण

एका पेठेच्या गावात एक कासारीण राहत होती. तिचं नाव हौसा. पाठीला बांगड्यांचं गाठोडं, हातात काठी आणि तोंडात आसपासच्या सगळ्या गावांच्या खबरा घेऊन ती रोज सकाळी घराबाहेर पडायची. तिचा नवरा केरबा घरी बसून बांगड्या दोऱ्यात ओवून द्यायचा. तो बोलायचा कमी, आणि त्याच्या वाटणीचं हौसा बोलून टाकायची.

तिच्या हाताला मोठी कला होती. ओसरीवर बसायची, समोरच्या बाईचा हात आपल्या मांडीवर घ्यायची आणि गप्पा मारता मारता तो हलके हलके दाबत राहायची. बाई बोलण्यात गुंगली की हात सैल पडायचा, आणि बांगडी मनगटात जाऊन बसायची. "अगं बाई, चढली कधी?" असं त्या बाईनंच विचारायचं. मग रीतीप्रमाणे ती कासारणीच्या पाया पडायची. पाटलीणबाई असली तरी तिला ही रीत चुकली नाही. आणि हौसा म्हणायची, "चुडा अखंड राहो, बाई."

पुढं तिचा मुलगा मुरारी मोठा झाला. त्यानं पेठेत घराला लागूनच बांगड्यांचं दुकान घातलं आणि ते चांगलं चाललं. एके दिवशी तो म्हणाला, "आई, आता गाठोडं खाली ठेव. जन्मभर चाललीस. आता बसून खायचं." हौसाला बरं वाटलं. का वाटू नये? तिनं गाठोडं खाली ठेवलं. इथवर कुणाचंच काही चुकलं नाही.

चूक झाली ती पुढं. मुरारी मुलगा गुणाचा, पण जातीचा कासार. काच जपायची तर पेंढ्यात गुंडाळून ठेवायची आणि हलवायची नाही, हे तो लहानपणापासून शिकला होता. त्यानं आईलाही तसंच ठेवलं. नवी खाट आणली, मऊ गादी घातली, दोन उशा दिल्या. हौसा उठायला लागली की सून सुंद्रा धावत यायची. "आत्याबाई, तुम्ही नका उठू, मी देते पाणी." उंबऱ्याकडं निघाली की मुरारी दुकानातून ओरडायचा, "आई, कुठं निघालीस? पडशील." लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा. खरं सांगायचं तर हे ऐकायला हौसालाही आवडायचं. मग ती आणखी एक उशी मागून घ्यायची.

सुरुवातीचे दिवस गोडीत गेले. मग गुडघे धरले. मोडेन पण वाकणार नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. बोटं आखडली. भूक गेली, भुकेमागं झोप गेली, आणि झोपेमागं स्वभाव गेला. आमटी खारट, सून हळू, शेजारणीची कोंबडी वेळी-अवेळी ओरडते, असं दिवसभर चालायचं. पूर्वी ती गावोगावच्या लग्नाबारशांच्या गोष्टी सांगायची, आता आपल्या दुखण्यांच्या सांगू लागली. दुखणी ऐकायला कोण किती दिवस येणार? येणारे कमी झाले. खाटेवर ती आणि तिच्या उशा उरल्या.

मुरारीनं वैद्याला बोलावलं. वैद्य म्हणाले, "हे तेल चोळा, आणि हात-पाय हलते ठेवा." मुरारीनं पहिला अर्धा भाग ऐकला आणि दुसरा वैद्याबरोबर परत पाठवला. सुंद्रा रोज तेल चोळायची, हौसा रोज चोळून घ्यायची. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी! हरीनं काही दिलं नाही.

अशात दिवाळीनंतर मुरारीच्या मुलीचं, मंजुळाचं लग्न ठरलं. मुहूर्त वैशाखाचा निघाला. आता या कासारांच्या घराण्यात एक रीत होती. घरच्या मुलीच्या लग्नाचा हिरवा चुडा बापानं भरायचा नाही, घरातल्या थोरल्या बाईनं भरायचा. तिचा हात चालत नसेल तर परगावचा कासार बोलवायचा. आणि चुडा भरताना बांगडी वाढली, म्हणजे फुटली, तर तो मोठा अपशकुन. सासरचे लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण विसरतही नाहीत.

मंजुळा आजीजवळ येऊन बसली. "आजी, चुडा तूच भरायचा हं. आत्ता एक भरून बघ ना."

हौसानं नातीचा हात मांडीवर घेतला. दाबू लागली, तर बोटांना जोरच नव्हता. अंगठा वळेना. तिनं बांगडी तशीच पुढं रेटली आणि ती कट्कन वाढली. मंजुळाच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. पोर हसून म्हणाली, "काही नाही गं, दुखलं नाही." पण तिनं हात पदराखाली घेतला तो घेतलाच.

मुरारी म्हणाला, "असू दे, आई. मनाला लावून घेऊ नकोस. आपण परगावचा कासार बोलावू. तू निवांत पड."

हौसाला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पंचक्रोशीतल्या लेकींचे चुडे जिच्या हातांनी भरले, तिच्या नातीचा चुडा उद्या कुणी परका भरणार होता. ती भिंतीकडं तोंड करून पडली. केरबा बांगड्यांची माळ ओवत बसला होता. तो म्हणाला, "हौसे, काच फुटते म्हणून ती पेंढ्यात ठेवायची. तू काय काच आहेस?"

हौसा उठून बसली. "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. पण तुला कौतुक करून घ्यायला आवडत होतं. म्हटलं, कशाला मध्ये बोला."

हौसाला राग आला, पण म्हातारा खरं तेच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काठी घेतली, तेलाची वाटी घेतली आणि वहाणा घातल्या. मुरारी आडवा आला. "आई, लोक काय म्हणतील? मुलानं म्हातारीला पुन्हा धंद्याला लावलं म्हणतील."

"मी काही विकायला निघाले नाही. लोकांना सांग, म्हातारी फिरायला गेली."

"आणि पडलीस म्हणजे?"

"पडले तर उठेन. पडून पडून तरी कुठं मोठी सुखात होते मी?"

पहिल्या दिवशी ती आळीच्या टोकापर्यंतच पोचली. धाप लागली, दगडावर बसली, परत आली. दुसऱ्या दिवशी थोडी पुढं गेली. गुडघे कुरकुरले तर तिनं त्यांना चार शिव्या दिल्या. असं करत करत ती एक दिवस वेशीजवळच्या अन्साबाईच्या दारात पोचली. अन्साबाई तिच्याहून थोरली, नवरा जाऊन कैक वर्षं झालेली. कोपऱ्यात हात पोटाशी धरून बसली होती. तिचेही हात आखडले होते.

हौसानं तिचा हात ओढून मांडीवर घेतला.

"माझा हात कशाला घेतेस, हौसे?" अन्साबाई म्हणाली. "मला आता बांगड्या कुठल्या?"

"मी तरी बांगड्या कुठं आणल्यात? हात दे मुकाट्यानं."

हौसा तेल लावून दाबू लागली. नवरा गेल्यापासून अन्साबाईचा हात असा कुणी हातात घेतला नव्हता. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मग कुणाच्या तरी जुन्या लग्नातल्या रुसव्याची आठवण निघाली आणि दोघी पोट धरून हसल्या. अन्साबाईची सून आतून बघायला आली, सासूला काय झालं म्हणून.

ही गोष्ट गावभर झाली. दुकानात मुरारीला वेळ नसायचा. तरण्या पोरींची गर्दी, त्यात आखडल्या हाताच्या म्हातारीला बांगडी भरायची म्हणजे अर्धी सकाळ जायची. त्यामुळं म्हाताऱ्या दुकानाकडं फिरकत नसत. त्या आता हौसाला निरोप धाडू लागल्या. हौसा सांगायची, "बांगड्या मुरारीकडून आणवून ठेवा. मी येते." रोज एक घर, एक हात, एक गप्पांची बैठक. सुरुवातीला बऱ्याच बांगड्या वाढल्या. हौसा ओशाळली की म्हाताऱ्या म्हणायच्या, "वाढू दे गं. आम्हांला कुठं बोहल्यावर चढायचंय?"

दुसऱ्यांचे हात दाबता दाबता हौसाचे हात मोकळे होऊ लागले. अंगठा वळू लागला. चालून आल्यावर भूक लागायची, मग ती अर्धी भाकर जास्त मागून घ्यायची. जेवण झालं की झोप यायची. आमटी तीच होती, पण आता ती खारट लागेना. सुंद्रानं शेजारणीला सांगितलं, "आमच्या आत्याबाई परत आल्या." शेजारीण म्हणाली, "गेल्या कुठं होत्या?" सुंद्रा म्हणाली, "खाटेवर."

गुडघा मात्र पुरता बरा झाला नाही. चढ आला की तो बोलायचाच. हौसाही त्याला बोलायची, आणि दोघं मिळून चढ चढायची.

वैशाख आला. चुड्याचा दिवस उजाडला. मुरारीनं तरीही परगावचा कासार बोलावून ठेवला होता. बापाचं मन, धीर होत नव्हता. अंगणात बायका जमल्या. एका पाटावर मंजुळा बसली, समोर हौसा बसली. मंजुळाला ती वाढलेली बांगडी आठवत होती. तिनं हात पुढं केला, पण मूठ घट्ट मिटलेली होती. असल्या हातात बांगडी हमखास वाढते. मुरारीनं तोंड फिरवलं.

हौसानं घाई केली नाही. मूठ मांडीवर घेतली आणि विचारलं, "सासरच्या दारात झाड कसलं आहे गं?"

"चिंचेचं."

"मग माझं पणतवंड दिवसभर दात आंबवून बसणार म्हण की."

मंजुळा लाजून हसली आणि मूठ उघडली. पहिली बांगडी गेली. मग दुसरी, तिसरी. हौसा बोलत राहिली, नात हसत राहिली, आणि दोन्ही मनगटं हिरवीगार होऊन गेली. एकही बांगडी वाढली नाही. परगावचा कासार उठून म्हणाला, "मावशी, माझं काही काम नव्हतं इथं. आता जेवूनच जातो."

मंजुळानं आजीच्या पायांवर डोकं ठेवलं. आजवर किती लेकी अशा वाकल्या असतील, पण या वेळी हौसाला आशीर्वाद एका दमात म्हणता येईना. "चुडा अखंड राहो, बाळा," ती कशीबशी म्हणाली. मुरारी खांबाआड उभा राहून उपरण्यानं डोळे पुसत होता.

लग्न झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा दाराशी आली तर मुरारी उभा. तिला वाटलं, आता हा म्हणणार, दमलीस, पडून राहा. मुरारी घुटमळला. मग खाली वाकून त्यानं आईच्या वहाणा तिच्यासमोर सरळ करून ठेवल्या.

"आज कुठल्या आळीला, आई?"

"नदीपलीकडं जाईन म्हणते."

"इतक्या लांब?" हे तोंडून निघून गेलंच. मग त्यानं स्वतःला आवरलं. "बरं. जेवायला कधी येशील?"

"थांबू नका माझ्यासाठी," हौसा म्हणाली आणि चालू लागली.

तात्पर्य: म्हातारपणी कामाचं ओझं खुशाल उतरवावं, पण चालणं आणि माणसांत मिसळणं सोडू नये. शरीर वापरल्यानंच टिकतं, आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडलं की मनही प्रसन्न राहतं. आणि मुलांनो, आई-बापांना जपा जरूर, पण त्यांच्या वाटेत उभे राहू नका.